तळमजल्यावरची लॅब

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या कट्ट्यावर परवा वादाला तोंड फुटले ते अण्णांच्या बोलण्यावरून. नीटमध्ये गुण कमी पडले, तेव्हा लेकीला डीएमएलटी, म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका, करू द्यावी आणि तळमजल्यावरचा गाळा रिकामा करून तिथे लॅब टाकून द्यावी, असे त्यांनी परस्पर ठरवूनही टाकले होते. अण्णांचा टॉवेलचा कारखाना आहे. जागा, यंत्र आणि माणूस जमले की धंदा उभा राहतो, हा त्यांचा हिशेब अनुभवातून आलेला आहे. मात्र आमच्यातला एक मित्र बरीच वर्षे रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे आणि त्याने हा हिशेब तिथल्या तिथे अडवला. अहवालावर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा मुलगी रक्त घेईल, यंत्र चालवील, सगळा व्याप सांभाळील, पण सहीसाठी डॉक्टर लागेलच, असे तो म्हणाला.

"मग नळीत रक्त भरून यंत्रात ठेवायला इतकी वर्षे शिकायचे कशाला?" अण्णांनी जरा चिडूनच विचारले.

यावर मित्राने जे सांगितले ते मला त्या संध्याकाळचे सर्वांत मोलाचे वाटले. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीएचा पोटॅशियम क्षार घातलेला असतो. दुसऱ्या नळीत रक्त कमी पडले म्हणून एखाद्या नवख्याने जांभळ्या नळीतले थोडे तिच्यात ओतले, तर यंत्र बिनचूक चालूनही पोटॅशियम भलतेच वाढलेले आणि कॅल्शियम घटलेले दाखवते. रुग्णाला झालेले काहीच नसते, पण तो आकडा खरा मानून उपचार सुरू झाले तर भलताच प्रसंग ओढवतो. जाणता तंत्रज्ञ हे दोन आकडे शेजारी शेजारी पाहूनच नमुना पुन्हा मागवतो, आणि ही नजर प्रत्यक्ष कामात तास घालवल्याशिवाय येत नाही.

तासांचा विषय निघताच मास्तर पुढे सरसावले. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ कायद्याचे कलम पाठ म्हणावे तसे बोलतात. संबद्ध आरोग्य व्यवसायांसाठी, म्हणजे तंत्रज्ञांसारख्या डॉक्टरेतर कामांसाठी, २०२१मध्ये केंद्राने जो कायदा केला, त्यात पदविका किंवा पदवीसाठी किमान २,००० तास आणि 'आरोग्यसेवा व्यावसायिक' या वेगळ्या गटाच्या पदवीसाठी किमान ३,६०० तास शिक्षणाची अट आहे. 'सहा महिन्यांत डिप्लोमा, नोकरीची हमी' अशा फलकांचा समाचार त्यांनी तोंडी गणितानेच घेतला : एकही सुट्टी न घेता रोज आठ तास शिकवले तरी १८० दिवसांत १,४४० तासच भरतात. अभ्यासक्रमाचे नाव कितीही भारदस्त असो, त्याला कोणते विद्यापीठ पदवी देते, या व्यवसायांच्या परिषदेकडे नोंदणी होते का आणि मुले कोणत्या रुग्णालयात उभी राहून शिकतात, एवढेच आधी विचारावे, हे त्यांचे म्हणणे मलाही पटते. शुल्क, इमारत आणि वातानुकूलित वर्ग यांची चौकशी नंतर केली तरी चालते.

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकल तंत्रज्ञानाची पदवी, हा तीन वर्षे अधिक एक वर्ष आंतरवासिता असा अभ्यासक्रम मास्तरांनी सुचवला, आणि त्यातही डायलिसिसकडे त्यांचा ओढा दिसला. मिनिटाला अर्धा लिटर या गतीने चार तासांच्या एका डायलिसिसला १२० लिटर शुद्ध केलेले पाणी यंत्रातून जाते. त्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामीन उरले तर रुग्णाच्या तांबड्या पेशी फुटू शकतात, म्हणून रुग्ण खुर्चीत बसण्यापूर्वी ते तपासणे हे तंत्रज्ञाचे काम असते. नळाला रोज पाणी न येणाऱ्या आपल्या सोलापुरात टँकरचे पाणी कुठून आले, याचीही चौकशी त्याला करावी लागत असणार, असे मी म्हणताच सगळे हसले. पण मला तो विनोद वाटत नव्हता.

गिरणीतल्या जॉबरचा मुलगा असलेल्या आमच्या चौथ्या मित्राने आणखी एक फाटा काढला. व्हेंटिलेटर, मॉनिटर, सोनोग्राफीची यंत्रे यांची देखभाल करणारा बायोमेडिकल अभियंता भौतिकशास्त्र आणि गणिताच्या वाटेने येतो, म्हणून यंत्राची आवड असलेल्या मुलांनी नीटच्या रांगेत उभे राहण्याचे कारणच नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या गावचे, म्हणून घरटी एक डॉक्टर झालाच पाहिजे असा समज इथल्या पालकांनी करून घेतला आहे, हा त्याचा टोला अण्णांना उद्देशून होता आणि तो बरोबर बसला.

पगाराच्या मुद्द्यावर मात्र एकमत झाले नाही. इथल्या लहान लॅबमध्ये सुरुवातीला हातात पडणाऱ्या रकमेत वेगळा संसार थाटता येत नाही, पुण्याला जावे तर तिथले भाडेच पगार खाते, हे तंत्रज्ञ मित्राने आडपडदा न ठेवता सांगितले. मास्तरांनी सरकारी पदभरतीचा आधार दिला. ती कधी निघते याचा नेम नसतो, असे त्याने उलट ऐकवले. शेवटी अण्णांनी गाळ्याचा विषय बाजूला ठेवला आणि प्रवेशापूर्वी महाविद्यालयात जाऊन प्राचार्यांऐवजी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना भेटायचे कबूल केले. आठवड्यातले किती दिवस रुग्णालयात जाता आणि तिथे यंत्राला हात लावू देतात की नुसते उभे करतात, हे त्या मुलांना विचारायचे आहे. तंत्रज्ञ मित्र सोबत जाणार आहे.