मोफत ज्ञानापासून सावध राहा

विद्यार्थी मित्रहो, ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याने प्रवास करून आपण पदवी मिळवत आहात. तेव्हा मुक्त शैक्षणिक संसाधने, म्हणजे कोणीही मोफत वापरावे आणि वाटावे असे अभ्यास-साहित्य, या नावाच्या संकटाची कल्पना आपणांस वेळीच देणे हे माझे कर्तव्य आहे. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाने २००१ साली आपले अभ्यास-साहित्य सर्वांना खुले करण्याची घोषणा केली, आपल्याकडे आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेने २००३ मध्ये मोफत व्हिडिओ-व्याख्यानांचे एनपीटीईएल सुरू केले, २०१७ मध्ये केंद्र सरकारचे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे ‘स्वयम्’ही आले. इतकी वर्षे ज्या मालाला कोणी किंमत लावली नाही, त्यात काय राम असणार, हा हिशेब आपण कधीही सोडू नये.

फुकटाला आपला विरोध नाही, हे येथे स्पष्ट केलेले बरे. टेलिग्रामवर आलेले पुस्तक, ज्याची पाने तिरकी आहेत, समासात स्कॅन करणाऱ्याचा अंगठा आहे आणि पृष्ठ ११२ नंतर थेट ११५ येते, ते आपण निःशंकपणे उतरवून घेतो. परंतु लेखकानेच क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली ‘प्रत काढा, वाटा, माझे नाव तेवढे ठेवा’ असे लिहून दिले, की मनात पाल चुकचुकते. राजरोस मिळालेल्या पुस्तकातून अभ्यास होणार तरी कसा?

यावर उत्तम उपाय म्हणजे कॉलेजजवळचा झेरॉक्सवाला. ‘सेम फाइव्ह, आयएमपी, स्पायरल’ एवढेच पुटपुटावे, की निळ्या प्लॅस्टिकच्या मुखपृष्ठाचा गठ्ठा समोर येतो. त्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी एक कोरी पट्टी दिसते. मूळ प्रतीवर तेथे कागद चिकटवून लेखकाचे नाव आणि परवान्याची ओळ झाकलेली असते. तीच पाने संकेतस्थळावर रंगीत आकृत्यांसह मोफत आहेत, हे कोणी सांगू लागल्यास ऐकू नये. पैसे मोजल्यावाचून आपल्याला वाचावेसे वाटत नाही, आणि मोजल्यावर वाचण्याची घाई उरत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून करता येतात. कॉलेजने तशी सक्ती केलीच, तर व्याख्यान दुप्पट वेगाने, आवाज बंद करून चालू ठेवावे आणि असाइनमेंटची उत्तरे व्हॉट्सॲपवरून घ्यावीत. शिकणे फुकट असले, तरी प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क पडते. ते भरल्यानंतरच विषयाचे नाव नीट वाचावे.

मराठीत काहीच नाही, ही तक्रार मात्र अखंड चालू ठेवावी. ती बऱ्याच अंशी खरीही आहे. तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद असलेल्या एआयसीटीईच्या ‘ई-कुंभ’ या संकेतस्थळावर अभियांत्रिकीची मराठी पुस्तके मोफत आहेत, असे कोणी दाखवलेच, तर त्यांतील मराठी फार अवघड आहे असे म्हणून इंग्रजीकडे परतावे, आणि इंग्रजी अवघड वाटल्यास स्पायरलकडे.

सर्वांत घातक बाब अशी, की यांतील अनेक परवाने आपल्याला मजकूर बदलण्याचीही मुभा देतात. उद्या आपण एखादे प्रकरण सोप्या मराठीत उतरवले, त्यात ठाण्याच्या खाडीतील प्रदूषणाचे उदाहरण घातले आणि ते खुले केले, तर ऐरोलीची एखादी ज्युनिअर आपल्याला न विचारताच पास होईल. तेव्हा नोट्स वहीतच ठेवाव्यात, कोणी फारच गयावया केली तर द्याव्यात, आणि देण्यापूर्वी शेवटचे प्रकरण आठवणीने काढून घ्यावे.