हरळीचा सूड

आमच्या घराण्याचं आणि गवताचं वैर पिढीजात. सातारा जिल्ह्यातल्या अडीच एकरात आजोबांनी उभा जन्म हरळी खणण्यात घालवला. बोटभर मुळी मातीत राहिली तरी पावसाळ्यात पुन्हा रानभर होते, म्हणून ते मुळ्या वेचून बांधावर वाळवायचे आणि मग जाळायचे. जाळताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असे, ते सोसायटीचं कर्ज फिटलं तेव्हाही दिसलं नव्हतं. त्यांचा मी सख्खा नातू. अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसच्या एका उपनगरात, गुडघे टेकून, चाळीस डॉलरची पिशवी फोडून मी गवत पेरतो.

घर घेतलं ते फेब्रुवारीत. पुढे-मागे लॉन आहे, असं सांगण्यात आलं. वर दीड फूट बर्फ. खाली लॉन आहे की विहीर, हे उकरून कोण बघणार? एप्रिलात बर्फ वितळला आणि आपण काय विकत घेतलंय ते कळलं. जागोजाग राखाडी चकंदळं पडलेली, ती बर्फाखाली वाढणारी बुरशी. त्यांच्यामधून व्होल नावाच्या उंदरांनी हिवाळाभर कुरतडलेले बोळ. खिडकीतून पाहिलं तर थेट पुण्याच्या पेठांचा नकाशा. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं कडेची पट्टी जळालेली. आणि बर्फ लोटणाऱ्या गाडीनं कोपऱ्यातलं गवत मुळासकट सोलून, लग्न उरकल्यावर सतरंजी गुंडाळतात तसं गुंडाळून ठेवलेलं.

शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. मनातल्या मनात मी त्यांना हिरवळराव म्हणतो. त्यांचं लॉन असं, की पाय ठेवायच्या आधी चपला काढाव्यात. ते कुंपणापाशी आले, माझ्या लॉनकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “वेगळं आहे.” मी खूश होऊन आभार मानले. मिनेसोटातली माणसं कुणाला वाईट म्हणत नाहीत, वेगळं म्हणतात, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

मग मी अभ्यासाला लागलो. इथं लावायचं ते केंटकी ब्लूग्रास. ते मूळचं केंटकीचं नाही, युरोपातून आलंय; आणि निळंही नाही. पण थंडी सोसतं. 2019च्या जानेवारीअखेरीस इथला पारा उणे 33 सेल्सिअसपर्यंत उतरला होता. त्या थंडीत जे जिवंत राहतं त्याच्या नावावरून कशाला भांडा? त्याचा शत्रू क्रॅबग्रास. हे तण दर वर्षी नव्यानं बियांतून उगवतं, म्हणून वसंतात ते उगवायच्या आतच मातीवर तणनाशक टाकायचं. मी शनिवारी ते टाकलं. रविवारी, हात लागलाच आहे तर, ब्लूग्रासचं बी टाकलं. तीन आठवडे रोज तीनदा पाणी मारलं. एक कोंब येईना. शेवटी पिशवीमागचा बारीक मजकूर भिंग लावून वाचला. उगवणारं बी कुणाचं आहे, हे ते औषध विचारत नाही. सगळ्यांना समान न्याय. क्रॅबग्रासला मात्र त्या न्यायातूनही पळवाट सापडली.

खताची आणखी एक गंमत. पिशवीवर तीन आकडे असतात आणि मधला शून्य. तो स्फुरदाचा, म्हणजे फॉस्फरसचा. लॉनवरचं स्फुरद वाहून तळ्यांत जातं आणि तळी शेवाळानं हिरवी होतात, म्हणून 2005 पासून राज्यभर लॉनच्या खतात त्याला जवळजवळ बंदी आहे. नवीन बी पेरताना मात्र चालतं. दर वर्षी नव्यानंच पेरणारा असल्यामुळे मी कायद्यानं सवलतीस पात्र आहे.

यंदा एप्रिलात आई सहा महिन्यांसाठी आली. लॉन कापून मी गवत कागदी पिशव्यांत भरून रस्त्याकडेला ठेवलं, तेव्हा ती दारात उभी होती.

“हे कुणाच्या म्हशीला?”

“म्हशीला नाही गं. गाडी येऊन घेऊन जाते.”

“पैसे किती देतात?”

पिशव्यांचे आणि गाडीचे पैसे आपणच द्यायचे, हे सांगितल्यावर ती काही बोलली नाही. संध्याकाळी सुनेला म्हणाली, “ह्याच्या आजोबांना बरं झालं, बघावं लागलं नाही.” दुसऱ्या दिवशी ती खुरपं मागायला लागली. नाही म्हटल्यावर माझा पिझ्झा कापायचा उलथना घेऊन भांगलायला बसली, आणि डँडेलायनची कोवळी पानं बघून हरखली. “अरे, ही तर आपली पाथरी!” मी औषध फवारायचा कंटाळा केला होता म्हणून बरं. लसूण घालून परतलेली ती भाजी आम्ही भाकरीबरोबर खाल्ली. माझ्या लॉननं आजवर दिलेलं एकमेव उत्पन्न.

इथं गवत पेरायचा खरा मुहूर्त ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. म्हणजे नेमके गणपती. मी पेरलं, दोऱ्या बांधल्या, “पाय ठेवू नये” अशी पाटी लावली. आणि आमच्या पाच दिवसांच्या गणपतीला चाळीस माणसं दर्शनाला आली.

त्याआधी प्रश्न दूर्वांचा. दूर्वा म्हणजे हरळीच. आजोबांनी जाळली ती. इथल्या थंडीत ती तग धरत नाही, त्यामुळे नातवाला देवापुरतीही मिळेना. आई पहाटे अंगणात हिंडून मूठभर काहीतरी खुडून आली. “दूर्वा नव्हे, पण चुलतबहीण शोभेल. तुरा बघ, तसाच बोटं पसरल्यासारखा. देव समजून घेईल.” मी बघितलं. क्रॅबग्रास. ज्याच्यासाठी मी दोनशे डॉलरचं विष आणलं, त्याच्या एकवीस जुड्या गजाननाच्या मस्तकावर.

हिरवळरावांना प्रसादाला बोलावलं होतं. मोदक खाता खाता त्यांची नजर मूर्तीवर गेली आणि तिथंच खिळली. हे देवाला चालतं का, असं त्यांनी हळूच विचारलं. लागतंच, मी म्हणालो. रोज ताजं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता बाहेर खुडबुड ऐकू आली. आइस्क्रीमची रिकामी बादली घेऊन, गुडघ्यांखाली उशी ठेवून, हिरवळराव माझ्या लॉनमध्ये बसले होते. एक एक क्रॅबग्रास मुळासकट उपटत होते. तीन वर्षं कुंपणापलीकडून दाबून धरलेली ऊर्मी बोटांत उतरली होती. माझ्या नव्या पेरणीवरच त्यांची उशी होती, पण सांगायचा धीर होईना.

आई खिडकीत हात जोडून उभी. “बघ जरा,” ती म्हणाली, “परधर्माचा माणूस, पण केवढी भक्ती!”