सर्वानुमते म्हणे!

आजच्या ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहिलं जाईल, 'ठराव सर्वानुमते संमत.' धादांत खोटं! तिसऱ्या रांगेतल्या मावशी दोनदा उठल्या, दोन्ही वेळा माइक त्यांच्या डोक्यावरून पुढे गेला. तीन मीटरचा रस्ता पाच मीटर होणार, दोन्ही बाजूंना एकेक मीटर. मावशींची तुळस रस्त्यापासून पाऊण मीटरवर.

"विरोध कोणाचा? नाही ना? मंजूर!" पाच सेकंदांत खेळ खलास. ज्याने हात वर केला नाही तो 'होय'मध्ये धरला. त्यात रस्ता, गटार आणि दिवे एकाच ठरावात बांधलेले, म्हणजे तुळशीसाठी बोलाल तर दिव्यांचे वैरी. देवळात कौल लावतानाही गुरव एका वेळी एकच प्रश्न घालतो हो!

आणि हात वर करायचा तरी कसा? मावशी मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या; पुढच्या खुर्चीत भाटकार, म्हणजे त्या जमिनीचा मालक. आपल्या गोव्याचा मुंडकार कायदा १९७५ चा, घरातून हाकलण्यापासून संरक्षण देतो. भाटकारासमोर हात वर करायचं बळ देत नाही. अशा विषयाला चिठ्ठीच हवी. एकाच मापाचे कागद, होय-नाही छापलेले, पेटी आडोशाला, मोजणी सगळ्यांसमोर. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा, यावरचा १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आठवा. विलीनीकरणाचं फूल बरोबर की वेगळ्या गोव्याची दोन पानं, यावर आपण अजून भांडतो, ते आज नको. पण एकाच घरातून दोन्हीकडे गुपचूप मत पडू शकलं, ते पेटीमुळे.

अर्थात चिठ्ठी शेवटची. सभेच्या आठ दिवस आधी टेप घेऊन चुन्याची रेघ मारा. नकाशा कोणाला कळत नाही, तुळशीवरून गेलेली रेघ पोरालाही कळते. मग ज्यांचं काही जातं त्यांच्या घरी दोन पंचांनी जाऊन हरकत लिहून आणायची. सभेत तीच माणसं आधी बोलणार, दोन-दोन मिनिटं. सगळे बोलून होईपर्यंत कोणाला दुसऱ्यांदा माइक नाही. दांडगा आवाज पहिला लागला की बाकीचे माना डोलावतात. आणि उठण्यापूर्वी इतिवृत्त मोठ्याने वाचायचं, हरकती नावानिशी. नंतर ऑफिसात बसून लिहिलं की 'सर्वानुमते' होतं.

हो, अशाने एकटा माणूस अख्खी वस्ती अडवून धरू शकतो. रुग्णवाहिका आत येत नाही, तेही खरं. म्हणून 'मला नको' ही हरकत धरायची नाही. काय जातं, किती जातं, दुसरं काय चालेल, एवढं सांगायलाच हवं.

मावशींकडे ते तयार होतं हो. रस्ता त्यांनाही हवाय, गुडघे गेलेत, रिक्षा दारात येईल. सभा उठल्यावर खुर्च्या रचणाऱ्या पोराला विचारत होत्या, "रेघ अर्धा मीटर पलीकडे सरकवली तर नाही चालणार?"

पलीकडे भाटकाराचं कुंपण आहे.