बेल्ट दिलाय म्हणजे झालं?

गणपतीच्या मांडवांची आणि कमानींची कोटेशनं फिरायला लागली आहेत. बैठकीत दरवर्षीप्रमाणे "जरा कमी करा की" सुरू होईल आणि कात्री लागेल ती उंचावर चढून काम करणाऱ्या पोराच्या सुरक्षेला आणि प्रशिक्षणालाच. मी पुण्यात इव्हेंट प्रॉडक्शनमध्ये काम करते. ट्रस (लाइट टांगायचा धातूचा सांगाडा), लायटिंग, बॅकड्रॉप, फ्लेक्स हे रोजचंच. म्हणून सविस्तर लिहितेय. लांब आहे, पण मंडळाचे पदाधिकारी असाल किंवा कार्यक्रम करून घेणारे असाल तर पूर्ण वाचा.

13 मे 2024 ला घाटकोपरला होर्डिंग कोसळून 17 जण गेले. 120 बाय 120 फुटांचं धूड होतं ते, महापालिकेची मर्यादा 40 बाय 40 ची. त्यानंतर 'स्ट्रक्चरल ऑडिट' सगळ्यांना माहीत झालं, बरंच झालं. पण त्या सांगाड्यांवर जाहिरात बदलायला कोण चढतं, कशाला धरून चढतं, त्याला कुणी काही शिकवलंय का, हे कुणीच विचारलं नाही. पुण्यात 5 ऑक्टोबर 2018 ला जुन्या बाजाराजवळ, शाहीर अमर शेख चौकात होर्डिंगचा लोखंडी सांगाडा रस्त्यावर पडला आणि 4 जण गेले. तो वादळात नव्हता पडला. तो उतरवायचं काम चालू होतं आणि खालून रहदारी चालू होती. वरच्या माणसाला कामाची रीत ठाऊक असणं हा खालून जाणाऱ्याच्याही जिवाचा प्रश्न आहे.

आता बेल्टबद्दल. कुठल्याही ठेकेदाराला विचारा, "बेल्ट दिलाय ना मॅडम" हे उत्तर तयार असतं. दिलेला असतोही. बरेचदा नुसता कमरेचा. कमरेच्या बेल्टवर माणूस पडला तर सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर येतो. अंगभर हार्नेस, म्हणजे खांद्यांना आणि मांड्यांनाही पट्टे असलेला, असला तरी त्याच्या दोरीचा हूक कुठे अडकवलाय ते बघा. पायाशी असलेल्या आडव्या पाइपला, नाहीतर ज्या पाइपवर लाइट टांगलेत त्यालाच.

आणि उंचीचं गणित तर जवळजवळ कुणालाच सांगितलेलं नसतं. हार्नेसची दोरी 2 मीटरची. झटका शोषणारी पट्टी उसवत जाते ती पावणेदोन मीटरपर्यंत. पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत साधारण दीड मीटर. शिवाय पायाखाली एक मीटर मोकळी जागा हवीच. बेरीज करा, सव्वासहा मीटर, म्हणजे वीस फुटांहून थोडं जास्तच. हूक जिथे अडकवलाय तिथून खाली वीस फूट मोकळे नसतील तर हार्नेस घालूनही पोरगा जमिनीवर आपटणार. आपल्या कमानी आणि चौकातले फ्लेक्स किती उंच असतात? बारा, पंधरा, अठरा फूट. तिथे आखूड दोरी किंवा झटका बसताच लॉक होणारा रिट्रॅक्टेबल (आपोआप आत गुंडाळला जाणारा पट्टा) लागतो, नाहीतर चाकाची परांची कठडा लावून. हे कळायला शिकवावं लागतं, बेल्टच्या पाकिटातल्या कागदावरून नाही कळत.

आमच्या गोडाऊनमध्ये प्रशिक्षण ठेवलं होतं तेव्हाचं सांगते. प्रशिक्षकांनी एका धडधाकट पोराला हार्नेस घालून तुळईला टांगलं, पाय जमिनीपासून जेमतेम फूटभर वर. सुरुवातीला सगळे हसत होते, मोबाइलवर व्हिडिओ चालू. थोड्याच वेळात त्याचं हसू गेलं. मांडीचे पट्टे रुतायला लागले, पाय बधिर झाले, कपाळावर घाम आला. "सर, उतरवा, पायात गोळे आलेत." प्रशिक्षकांनी त्याला लगेच उतरवलं आणि बाकीच्यांना विचारलं, हा तीस फुटांवर असता तर कुणी उतरवला असता, कसा? गोडाऊनमध्ये आवाज नाही. लटकलेल्या माणसाचं रक्त पायात साचतं, काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते, जीवही जातो. फायर ब्रिगेड येईपर्यंत थांबता येत नाही. पाय टेकायला पट्टा, खाली आणायला दुसरा दोर आणि ते करणारा माणूस आधीच ठरलेला असावा लागतो. त्या दिवसानंतर आमची पोरं चढण्याआधी स्वतःहून विचारतात, "खाली दोर कुणाकडे आहे?"

बरं, उंची म्हणजे तीस-चाळीस फूटच असंही नाही. 16 ऑगस्ट 2025 ला, दहीहंडीच्या दिवशी, मानखुर्दला हंडीचा दोर बांधताना 32 वर्षांचा तरुण पडून गेला. पहिल्या मजल्यावरून. गोविंदांसाठी 2022 मध्ये सरकारने साहसी खेळाचा दर्जा दिला, मृत्यू झाल्यास 10 लाखांची मदत जाहीर केली. चांगलं केलं. पण दोर बांधणारा, स्पीकर टांगणारा, कमानीवर चढून झालर ठोकणारा, यांचा विचार कोण करणार?

कायदा म्हणाल तर नवी कामगार सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली, पण ती मुख्यतः दहा किंवा जास्त कामगार असतील तिथे. फ्लेक्स लावणारी टोळी चार-पाच जणांची, टेम्पो, शिडी आणि काथ्याचं बंडल. त्यांच्यापर्यंत ती पोचतच नाही. म्हणून मला वाटतं, ज्याच्या हातात पैसा आहे त्यानेच अट घातली पाहिजे. ठेकेदाराला शिव्या देऊन उपयोग नाही. रात्री अकराला मैदान ताब्यात देऊन सकाळी सातला उभा स्टेज मागणारे आपणच. झोप न झालेल्या पोराला कितीही शिकवलं तरी पहाटे चारला हूक लावायचा राहतोच.

आम्ही आता वर्क ऑर्डरमध्ये प्रशिक्षणाची रक्कम वेगळ्या ओळीत लिहितो आणि त्या ओळीवर घासाघीस करत नाही. वरचं जेवढं काम जमिनीवर होईल तेवढं जमिनीवरच करायचं, लाइट खाली बांधून ट्रस चेन पुलीने वर न्यायचा. हनुवटीचा पट्टा नसलेलं हेल्मेट चालणार नाही. विजेच्या तारांजवळ लोखंडी फ्रेम न्यायची असेल तर महावितरणकडून लाइन बंद करून घेतल्याशिवाय शिडी लागणार नाही. पाऊस किंवा वारा आला की काम थांबवायचा अधिकार वर चढलेल्या माणसाचा, आणि त्या दिवसाची मजुरी कापायची नाही. या शेवटच्या अटीवर एक-दोन क्लायंट नाराज झाले, एक काम हातचं गेलं. जाऊ दे.

या अटींचा मराठी मसुदा एका पानाचा आहे. तुमच्या मंडळाच्या किंवा संस्थेच्या वर्क ऑर्डरला जसाच्या तसा जोडता येईल. हवा असेल त्यांनी कमेंटमध्ये लिहा, इनबॉक्समध्ये पाठवते. मांडवाचा पहिला खांब रोवायच्या आत मागा.