मामांच्या दुकानाचं कुलूप

मे महिना, पारा 45 वर, कूलरमध्ये पाणी भरून नुकताच आडवा झालो तर मामांचा फोन. "काय बे, गिऱ्हाईक म्हणून राहिलं का तुमचं दुकान सुरक्षित नाही! चाळीस वर्षांत इतवारीत कोणाची असं म्हणायची टाप नव्हती."

नागपूरच्या इतवारी बाजारात मामांचं मसाल्याचं दुकान, त्याची वेबसाइट. बनवणारा पोरगा पुण्याला गेला (जातातच), तेव्हापासून ती माझ्या गळ्यात. बघतो तर एसएसएल सर्टिफिकेट, म्हणजे साइट खरी आहे असा ब्राउझरला दाखवायचा दाखला, रात्रीच संपलेलं, आणि रिन्यू करा म्हणणारे मेल महिनाभर त्या पुण्याच्या पोराला जात होते. मी म्हटलं मामा, लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या संस्थेचं लावून देतो, फुकट असतं, आपोआप रिन्यू होतं. मामा म्हणाले, "फुकट तं सडके संत्रेच भेटते." म्हणजे विकतचंच.

मग सर्टिफिकेटचा अर्ज बनवायला ओपनएसएसएल या प्रोग्रामची कमांड मारली, ती आधी एक प्रायव्हेट की, म्हणजे आपल्याकडेच ठेवायची गुप्त किल्ली, बनवते आणि मग चौकशी सुरू, देश कोणता, राज्य कोणतं, गाव कोणतं, अगदी सोयरिकीला आल्यासारखी. कॉमन नेम विचारताना कंसात "किंवा तुमचं नाव" असंही लिहिलेलं असतं, तर मी भोळेपणानं मामांचं पूर्ण नाव टाकलं, वडिलांच्या नावासकट. तिथं डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, लिहायचं असतं. पुन्हा सगळं केलं, अर्ज पाठवला, पैसे भरले. आता मालकीची खात्री करायला मेल येणार ॲडमिनच्या पत्त्यावर, आणि त्याचा पासवर्ड कोणाकडे? पुण्याला. तो पोरगा तीन वाजता जेवून उठल्यावर मिळाला.

तोवर बसल्या बसल्या मला शंका आली की नागपूरचं स्पेलिंग चुकलं का काय, म्हणून तीच कमांड परत मारून पाहिली. स्पेलिंग बरोबर होतं. पण नवी की जुनीवर जाऊन बसली, आणि सर्टिफिकेट आलं ते जुन्या कीचं! साइट चालवणारा सर्व्हर, एन्जिनएक्स, म्हणतो, "की" जुळत नाही. म्हणजे कुलूप नवंकोरं हातात आणि किल्ली मीच नाल्यात टाकलेली. परत अर्ज. बरं तर बरं, रीइश्यूचे पैसे पडले नाहीत, नाहीतर तेही मामांना समजावून सांगावं लागलं असतं.

संध्याकाळी लॅपटॉपवर साइट उघडली, झकास. मामांच्या मोबाइलवर तीच "सुरक्षित नाही"ची लाल पाटी. कारण आपल्या सर्टिफिकेटची ओळख पटवून देणारं मधलं इंटरमिजिएट सर्टिफिकेट लावायचं राहिलं, लॅपटॉपचा ब्राउझर ते स्वतःच शोधून आणतो, मामांचा मोबाइल काही आणत नव्हता. आपल्याकडे नुसतं नाव सांगून कोणी ओळखतं का, "महालातल्या अमक्याचा जावई" म्हटलं की मग आत या, पाणी घ्या. तसंच हे. दोन्ही एकाच फाइलीत टाकले, आधी आपलं, मग मधलं, एन्जिनएक्स रीलोड, झालं.

मामांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "कुलूप कुठी आहे बे?"

"साइटच्या पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्ह ना? क्रोमनं 2023 मध्येच काढून टाकलं ते."

"मंग पैसे कायचे देल्ले?"

मी विषय बदलायला गेलो आणि फसलो, सांगून बसलो की मार्च 2026 पासून नवं सर्टिफिकेट जास्तीत जास्त 200 दिवसच चालतं, 2027 मध्ये 100 होणार आणि 2029 पासून 47.

"सत्तेचाळीस? तेवढ्यात तं लोणचंही मुरत नाही!"

पण उठले, भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटत डिसेंबरवर गेले, हिवाळी अधिवेशनाचा महिना, आणि एका चौकोनात पेन्सिलीनं माझं नाव लिहून ठेवलं.