१ टीबीतले ६९ जीबी कोणीही चोरलेले नाहीत

"१ टीबीची हार्ड डिस्क लावा, कॉम्प्युटर ९३१ जीबीच दाखवतो. उरलेले ६९ जीबी कंपनीने लपवून ठेवलेत. खालच्या तीन कमांड चालवा आणि तुमची जागा परत मिळवा." हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. आमच्या काकांनी त्यातल्या पहिल्या दोन ओळी टाइप करून झाल्यावर मला फोन केला, म्हणून घरचे सगळे फोटो वाचले. म्हणूनच हे लिहितोय.

तिसरी ओळ आहे 'क्लीन'. डिस्कपार्ट या विंडोजच्या डिस्क हाताळणाऱ्या प्रोग्राममध्ये ही कमांड दिली की निवडलेल्या डिस्कवरची सगळी पार्टिशन्स, म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग, जातात. ती 'खात्री आहे का?' असंही विचारत नाही. त्यात मेसेज सांगतो 'सिलेक्ट डिस्क १'. तुमच्या मशीनवर १ नंबरची डिस्क कोणती, हे तो मेसेज लिहिणाऱ्याला कसं ठाऊक असणार? कुणाकडे ती बाहेरून जोडलेली नवी कोरी डिस्क असेल, कुणाकडे दहा वर्षांचं काम साठवलेली. आणि एवढं करून डिस्क पुन्हा फॉरमॅट केलीत तरी आकडा ९३१च दिसणार, कारण लपवलेलं असं काही तिथे नाहीच.

हिशेब करून बघा. १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट. विंडोज त्याला १०२४ ने तीनदा भागतं, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ ने. उत्तर येतं ९३१.३. बाइट तेवढेच, मोजायचं माप वेगळं. ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, कपॅसिटीसमोर बाइटचा पूर्ण आकडा आणि जीबी शेजारीशेजारी दिसतात. तोच ड्राइव्ह मॅकला लावलात तर साधारण १ टीबी दिसेल, कारण २००९ पासून मॅक १००० ने भागतो.

"खरा हिशेब १०२४चाच, १००० ही कंपन्यांनी मागाहून काढलेली पळवाट" हा दुसरा दावा. आयबीएमच्या १९५६ सालच्या पहिल्या हार्ड डिस्कची क्षमताही ५० लाख अक्षरं अशी दशमानातच सांगितली जायची. १०२४ आला रॅममुळे, म्हणजे कॉम्प्युटरच्या चालू कामाच्या मेमरीमुळे. तिथे मेमरीतली जागा नेमकी सांगणारी पत्त्याची एकेक लाइन वाढली की जागा दुप्पट होते, म्हणून क्षमता २ च्या घातांत येते. डिस्कला तसं बंधन नाही. वजनमापांची आंतरराष्ट्रीय संस्था एसआय या आंतरराष्ट्रीय मापपद्धतीची जी अधिकृत पुस्तिका काढते, तिच्यात स्पष्ट म्हटलंय की किलोबिट म्हणजे १००० बिट, १०२४ नव्हे. १०२४च्या मापांसाठी तर १९९८ मध्येच किबी, मेबी, गिबी ही वेगळी नावं ठरली. त्या हिशेबाने विंडोज दाखवतं ते ९३१ गिबिबाइट, पण पुढे लिहितं जीबी. सगळा घोळ इथे आहे, आणि लोक गोंधळतात यात लोकांची चूक नाही, हे मान्य करावंच लागतं.

१०० एमबीपीएसच्या नेटवर सेकंदाला १२ एमबीच उतरतात, ही चोरीही मेसेजने याच खात्यात टाकलीय. एमबीपीएस हे मेगाबिट. ८ बिटांचा एक बाइट, भागाकार १२.५.

फसवणूक होतच नाही असं नाही. नकली पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डं असतात, आणि त्यांतला कंट्रोलरच, म्हणजे आतली नियंत्रण करणारी चिपच, खोटी क्षमता सांगतो. तिथे प्रॉपर्टीजमधला आकडाही खोटा. ड्राइव्ह पूर्ण भरून तो डेटा परत वाचून पाहणारं एच२टेस्टडब्ल्यूसारखं सॉफ्टवेअर वापरा, खरं काय ते कळतं. पण तिथे १ टीबीच्या जागी ३२ जीबी निघू शकतात. ९३१चा त्याच्याशी काही संबंध नाही.

ज्यांनी 'क्लीन' चालवलंच आहे, त्यांनी त्या डिस्कवर आता काहीही कॉपी करू नका, फॉरमॅटही करू नका. साध्या 'क्लीन'ने पार्टिशनची नोंद जाते. हार्ड डिस्कवरच्या फाइली बहुतेकदा जागेवरच असतात आणि रिकव्हरीवाल्याला त्या काढता येऊ शकतात. एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) असेल तर आशा बरीच कमी, तेव्हा ती लगेच काढून ठेवा.