फ्रीजरमधलं ‘विष’ आणि ओट्यावरचं पातेलं

उन्हं तापायला लागली की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो मेसेज येतोच. यंदा आत्यानं पाठवला. वर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ असा शिक्का, तळाशी जोडलेले हात, आणि मथळा: ‘फ्रीजरमधलं उरलेलं अन्न म्हणजे सावकाश भिनणारं विष’. खाली मुद्दे असे: गोठवलेल्या अन्नात जंतू वाढत राहतात. जीवनसत्त्वं मरतात. परत गरम केलं की कर्करोग होतो. शास्त्रानं प्रहर उलटलेलं अन्न तामसी म्हटलंय. आपल्या आज्या रोज ताजंच रांधायच्या. वीज गेली की सगळं सडतं. मळलेली कणीक फ्रीजमध्ये ठेवली तर घरात भुतं येतात. ‘उन्हाळ्यात तर मुळीच नको’ हे लाल अक्षरांत.

मी नागपुरात राहते आणि एप्रिल-मे फ्रीजरवरच काढते, त्यामुळे मला हे लागलं. आमचं स्वयंपाकघर पश्चिमेला आहे. कूलरचा झोत गॅसवर आला की आच फडफडते, म्हणून कूलर बैठकीत आणि मी ओट्यापाशी. बाहेर ४५ अंश असताना तिथे उभं राहून रोज दुपारी आमटी-उसळ करायची, हा सल्ला देणाऱ्यानं एकदा तरी ती केली असावी असं वाटत नाही. मी आठवड्यातून दोनदा पहाटे साडेपाचला गॅस पेटवते आणि छोले, मटकी, चवळी, सावजी रश्श्याचं वाटण असं दुप्पट-तिप्पट करून ठेवते. दुपारी फक्त पोळ्या किंवा कुकर.

आता मुद्दे. पहिला सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून त्याला जरा जास्त जागा देते.

जंतू फ्रीजरमध्ये वाढत नाहीत. वाढायला त्यांना पातळ पाणी लागतं आणि उणे १८ अंशांवर अन्नातलं बहुतेक पाणी बर्फ होऊन बसलेलं असतं. ते सगळे मरत नाहीत, एवढं मात्र खरं. थिजून पडून राहतात आणि अन्न वितळून कोमट झालं की जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू होतात. म्हणजे प्रश्न एवढाच, की डबा आत गेला तेव्हा त्यात जंतू किती होते. आणि हे ठरतं ओट्यावर.

शिजवलेल्या अन्नाला धोका असतो तो साधारण ५ ते ६० अंशांच्या मधल्या पट्ट्यात. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एक सूचना चालत आलेली आहे: ‘पूर्ण गार होऊ दे, मग फ्रीजमध्ये ठेव.’ थंडीत ठीक आहे. मे महिन्यात आमच्या स्वयंपाकघराचंच तापमान ३८-४० असतं, तिथे पातेलं गार होऊन होऊन होणार किती? वरणाचं मोठं पातेलं तासन्‌तास कोमट राहतं. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा एक जीवाणू आहे. त्याचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेली त्याची रूपं, उकळीतही टिकतात, आणि ४५ अंशांच्या आसपास तो साधारण दहा मिनिटांत दुप्पट होतो. तासाभरात चौसष्टपट, दोन तासांत चार हजारांच्या वर. लग्नाच्या पंगतीनंतर अर्ध्या गावाचं पोट बिघडतं तेव्हा संशयितांच्या यादीत हा असतोच.

म्हणून मी परातीत पाणी आणि बर्फ घालते, त्यात पातेलं ठेवून पळीनं ढवळते. दहा-पंधरा मिनिटांत वाफ जाते. मग पसरट डब्यांत, दोन बोटांपेक्षा जास्त थर न होऊ देता भरायचं आणि किंचित कोमट असलं तरी आत ढकलायचं. अन्न बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकाच तासात उचलावं, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. विदर्भात मार्च ते जून तो एक तासच धरायचा. ‘कोमट डब्यानं फ्रीज बिघडतो’ हे वाफाळत्या भरल्या पातेल्याबद्दल खरं, छोट्या पसरट डब्याबद्दल नाही.

यावर आत्याचं नेहमीचं उत्तर: ‘काही होत नाही गं, सकाळी खदखदून उकळलं की झालं.’ तेवढ्यानं भागत नाही. भातात बॅसिलस सेरियस नावाचा जीवाणू वाढू शकतो आणि त्याचं उलटी आणणारं विष उकळून जात नाही. जंतू मरतात, विष तसंच राहतं. गंमत अशी की हा मेसेज पाठवणारी आमची आत्या भर मे महिन्यात रात्रीचा भात झाकून ओट्यावर ठेवते आणि सकाळी त्याचा फोडणीचा भात करते. तोच भात रात्री जेवणं झाल्याबरोबर फ्रीजमध्ये गेला असता तर मी दोन घास मागून खाल्ले असते. जुन्या बायका शिळा भात ताकात घालून ठेवायच्या त्याची गोष्ट वेगळी, तिथे आंबटपणा जंतूंना बराच आवरतो.

जीवनसत्त्वांचं थोडक्यात. प्रथिनं, तंतू, लोह, कॅल्शियम यांना गोठल्यानं धक्का लागत नाही. ‘क’ जीवनसत्त्व नाजूक असतं, पण त्याचा मोठा घात शिजवताना होतो. राहिलेलं थोडं साठवणीत आणि परत गरम करताना जातं. पण हातगाडीवर उन्हात सुकत पडलेल्या पालकातूनही ते जातच असतं, आणि त्याला आपण ‘ताजी भाजी’ म्हणतो. डबा वितळताना सुटलेलं पाणी ओतून देऊ नका, पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं त्यात उतरतात.

मेसेजनं चवीची तक्रार केली असती तर मी गप्प बसले असते. बटाटा गोठून रवाळ होतो, ताकाची कढी फुटते, पिठलं पाणी सोडतं, काकडीचा चोथा होतो. घरचा फ्रीजर सावकाश गोठवतो, त्यामुळे बर्फाचे कण मोठे होतात आणि पेशी फाटतात. कडधान्यं, घट्ट रस्से, वाटणं, पुरण, आमरस यांना हे फारसं बाधत नाही. फ्रीजरच्या नावानं बोटं मोडणाऱ्या आमच्या घराण्यातच हिवाळ्यात तुरीचे सोले किलोकिलोनं गोठवले जातात आणि मे महिन्यात पाहुणे आले की त्याचा सोलेभात होतो. त्या वेळी विषाचं नाव कोणी काढत नाही.

कर्करोगाच्या मुद्द्यात दोन खऱ्या गोष्टींची भेसळ झाली आहे. तळणीचं तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात घातक संयुगं साठतात, हे खरं. म्हणून तर एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा यंत्रणेनं, तळणीच्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांवर (तेल तापून खराब होताना ती तयार होतात) २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. ते कोपऱ्यावरच्या समोशाच्या कढईला लागू. छोले एकदा वितळवून उकळण्याशी त्याचा संबंध नाही. दुसरी गोष्ट प्लॅस्टिकची. श्रीखंडाचे आणि आइस्क्रीमचे पातळ डबे गरम पदार्थासाठी बनवलेले नसतात. त्यात वाफाळती आमटी ओतू नये आणि तेच डबे मायक्रोवेव्हमध्ये तर नकोच. मी स्टीलचे पसरट डबे वापरते, वर बोटभर जागा सोडून, कारण पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. हे शहाणपण मला लोणच्याची काचेची बरणी काठोकाठ आमटीनं भरून फ्रीजरमध्ये ठेवल्यावर आलं. सकाळी बरणी तडकलेली आणि आमटीचा खांब शाबूत.

शास्त्र म्हणजे गीतेच्या सतराव्या अध्यायातला दहावा श्लोक. ‘यातयामं गतरसं पूति पर्युषितं च यत्’: प्रहर उलटून गेलेलं, रस गेलेलं, दुर्गंधी सुटलेलं, शिळं. असं अन्न तामसी माणसाला आवडतं, असं तिथे म्हटलं आहे. याम म्हणजे तीन तास. बर्फाच्या कपाटाची सोय नसलेल्या उष्ण देशात शिजलेल्या अन्नाला तीन तासांची मुदत, हा मला तरी फार व्यवहारी हिशेब वाटतो आणि वरच्या दोन तासांच्या नियमाच्या अगदी शेजारचा. पण हे घड्याळ ओट्यावर चालतं. ते उणे १८ अंशांवरही त्याच वेगानं चालतं, हे मेसेज लिहिणाऱ्यानं पदरचं घातलं.

आज्यांचं म्हणाल तर माझी आजी भर उन्हाळ्यात गच्चीवर काय करायची? कुरडया, पापड, सरगुंडे, सांडगे, वाळवलेल्या गवाराच्या शेंगा. वर्षभराची बेगमी. वाळवणात पाणी काढून टाकायचं, लोणच्यात मिठानं आणि मुरंब्यात साखरेनं ते बांधून ठेवायचं, फ्रीजरमध्ये त्याचा बर्फ करायचा. जंतूंना पाणी मिळू द्यायचं नाही, ही युक्ती सगळीकडे एकच. रोज ताजं रांधायचं ते रोज रांधणाऱ्या चार बायका घरात होत्या म्हणून, आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

विजेच्या मुद्द्यावर मात्र मी मेसेजला अर्धे गुण देते. दार न उघडता गच्च भरलेला चांगला फ्रीजर साधारण ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास गार राहतो असं सांगतात. आमच्याकडच्या उकाड्यात त्यातून बरेच तास वजा करायचे. म्हणून फ्रीजरमध्ये एक वाटी पाणी गोठवून त्यावर रुपया ठेवावा. गावाहून आल्यावर रुपया वर असेल तर डबे ठीक, बुडाला असेल तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय, डबे टाकायचे. बर्फाचे कण अजून शिल्लक असतील तर परत गोठवायला हरकत नाही, चव उतरेल एवढंच. पूर्ण वितळून कोमट झालेलं कितीही हळहळ वाटली तरी फेकावं.

याहून मोठी अडचण एकदारी फ्रीजची. त्यातला वरचा बर्फाचा कप्पा उणे १८ला जाईलच असं नाही. काही फ्रीजवर कप्प्याच्या दारावर हिमकणांच्या चांदण्या असतात: एक म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. वीजबचतीच्या लेबलावरच्या चांदण्या निराळ्या, त्यांची गल्लत करू नका. एका चांदणीच्या कप्प्यात डबा आठवडाभरात संपवावा, दोनवर महिनाभर, तीनवर दोन-तीन महिने. चांदण्या नसतीलच तर आइस्क्रीम ठेवून बघा. ते मऊ राहत असेल तर तो कप्पा चार-सहा दिवसांचाच समजा. आणि वितळवायचं ते आदल्या रात्री डबा खाली फ्रीजमध्ये उतरवून. सकाळी ओट्यावर काढून ऑफिसला जाऊ नका, नाहीतर पुन्हा तेच ४० अंश आणि तोच जीवाणू.

राहिली भुतं. कणीक पिंडासारखी दिसते म्हणून ती येतात म्हणे. कणीक काळपट पडते ती पिठातल्या विकरांमुळे (एन्झाइममुळे) आणि हवेमुळे, वरून तेलाचा हात फिरवला की कमी काळी पडते. मे महिन्यात बाहेर ठेवलेली कणीक दुपारपर्यंत आंबते, म्हणून माझी फ्रीजमध्येच असते, एक रात्र, फार तर दोन. भुतं अजून आलेली नाहीत. आली तर पोळ्या लाटायला बसवीन, दुपारच्या बाराला त्या ओट्यापाशी उभं राहायला घरातलं दुसरं कोणी तयार नाही.